कॉट बेसिस, जुना बाजार आणि सभासद क्र. ४१२

अर्धा_कटिंग

लेकीला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मिनी ड्राफ्टर (ड्रॉइंग काढायचं पट्ट्यांचं अवजार) हवा होता. ऑनलाइन मागवला, दोन दिवसांत घरी आला. तिने खोका उघडला, बघितलं, ठेवून दिला. झालं. मला मात्र उगीच चुटपुट लागून राहिली.

माझा मिनी ड्राफ्टर २००१ साली पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला. त्याच्या पट्टीवर आधीच्या तीन मालकांनी कर्कटकाने आपापली नावं कोरली होती. चौथं मी कोरलं आणि वर्ष संपल्यावर ज्युनियरला दीडशेला विकला. घेतला होता एकशेवीसला. आजवर नफ्यात केलेला माझा तो एकमेव धंदा.

ज्यांना जुना बाजार माहीत नाही त्यांच्यासाठी: मंगळवार पेठेच्या बाजूला, कुंभारवाड्याजवळ, बुधवारी आणि रविवारी रस्त्याच्या कडेला भरतो. गोणपाटावर पाने, नळाच्या तोट्या, रेडिओचे सांगाडे, नाणी, एका पायाचे बूट (दुसरा त्याच ढिगात असतो, आपण शोधायचा). तिथे मला सिनियरने शिकवलेला एकच नियम होता. जे हवंय त्याच्याकडे बघायचं नाही. भाव विचारायचा तो शेजारच्या इस्त्रीचा, मग कंटाळल्यासारखं करून म्हणायचं, "आणि हे काय, पट्टी आहे का?"

त्या दिवशी माणसाने ड्राफ्टरबरोबर एक पुस्तक पुढे केलं. "हे पण घेऊन जा, पाच रुपये." कवितासंग्रह होता, कव्हर नाही, पहिली चार पानं नाहीत. म्हणजे पुस्तकाचं नाव मला आजही ठाऊक नाही. मी तेव्हा कविता वाचणाऱ्यातला नव्हतो. पण आमच्या कॉट बेसिसच्या (भाडं खोलीचं नाही, कॉटचं) खोलीत चार कॉट, एक टेबल, एक खिडकी (खिडकीजवळची कॉट महिना पन्नास रुपये जास्त) आणि घोरणारा एक सांगलीकर होता. रात्री झोप येईना म्हणून वाचायला घेतलं. सेमिस्टर संपेपर्यंत अर्धं पाठ झालं होतं.

पुस्तक कुठल्यातरी वाचनालयातून बाद झालेलं आहे. मागे तारखेची चिठ्ठी चिकटवलेली, तिच्यावर ११ शिक्के, प्रत्येकाशेजारी शाईने सभासद क्रमांक. पहिले दोन वेगवेगळे. पुढचे नऊच्या नऊ एकाच माणसाचे. ४१२.

काल ते पुस्तक माळ्यावरून खाली काढलं. म्हणून हा धागा. विद्यार्थिदशेतली एखादी वस्तू, एखादी जागा, एखादी सवय सांगा. पैसे नसायचे वगैरे नको, ते सगळ्यांचंच आहे.

मेस_खाडा

रुमाल टाकून ठेवतो.

मेस_खाडा

हं, आता बसून लिहितो. आयडीवरून कळलं असेलच. सदाशिव पेठेतली मेस, स्पर्धा परीक्षावाल्यांची. खाडा (न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा) धरायचा तर आदल्या दिवशी सांगायचं आणि तोही सलग तीन दिवसांचा. त्यामुळे कुणी गावाला निघाला की बाकीचे हिशेब लावत बसायचे: शुक्रवारी रात्री निघालास तर दोनच दिवस होतात, सोमवारी दुपारी ये, खाडा बसेल. नात्यातली अर्धी लग्नं मी या हिशेबाने गाठली आहेत.

रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री मेस बंद. फीस्टच्या गुलाबजामपेक्षा मला ती बंद असलेली रात्र आवडायची. सगळा आठवडा अभ्यासिका ते मेस ते अभ्यासिका. रविवारी रात्री मात्र जेवणाच्या निमित्ताने पायी लांब जायला मिळायचं. वडापाव खायचा आणि झेड ब्रिजवर वारा खात उभं राहायचं. चार-पाच जण ओळीने, आजूबाजूला सगळ्या जोड्या, आणि आमच्यातला एक जण मोठ्याने राज्यघटनेची कलमं म्हणतोय. त्या पुलाचं खरं नाव काकासाहेब गाडगीळ पूल आहे हे मला पुणं सोडल्यावर कळलं. परीक्षेत विचारलं असतं तर गुण गेले असते.

टेकडीवरची

अगदी अगदी! खाड्यावरून आमच्या हॉस्टेलवर भांडणं झालीत.

माझी जागा अप्पा बळवंत चौक. नवी पुस्तकं घ्यायला नाही, जुनी घ्यायला. वर्ष संपलं की परत करायची, अर्ध्या किमतीच्या आसपास पैसे मिळायचे. जुन्यातही निवड असते. नवंकोरं दिसणारं जुनं पुस्तक घ्यायचं नाही, म्हणजे आधीच्या मालकिणीने उघडलेलंच नाही. समासात लिहिलेलं घ्यायचं. मला एकदा सांख्यिकीचं पुस्तक मिळालं, त्यात जागोजागी हिरव्या पेनने "हे तोंडीला विचारतात", "हे सोडून दे", आणि एका प्रकरणावर "देवा". त्या बाईच्या जोरावर पास झाले.

कपडे कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवरून. २०२१ च्या मार्चमध्ये तिथे आग लागून शेकडो दुकानं जळली तेव्हा खूप वाईट वाटलं होतं. जीन्स घालून बघायला जागा नसायची. मग कमरेची बाजू दोन्ही हातांनी धरून गळ्याभोवती गुंडाळायची, मागे टोकाला टोक मिळालं की कमरेला बसणार. हे शास्त्र किती खरं ते माहीत नाही, माझ्या तीन जीन्स बरोबर बसल्या, एक नाही. (चौथीच्या वेळी मान की कंबर, नक्की काय वाढलं होतं यावर मैत्रिणींनी पुष्कळ संशोधन केलं.)

अवांतर: आई जुने कपडे बोहारणीला द्यायची आणि वर तिच्याशी पातेल्यावरून हुज्जत घालायची. "दोन शर्ट आणि साडीवर एवढंसं?" बोहारीण साडी उलटीपालटी करून काठाची जर बघायची. तेच कपडे धुऊन, रफू होऊन कुठल्यातरी बाजारात उभे राहतात हे मला कॉलेजात कळलं. म्हणजे आईने घालवलेलं मी दुसऱ्या टोकाला विकत आणत होते. आई अजून म्हणते, त्यापेक्षा पातेलं बरं.

सुताचा_गुंता

बोहारणीचा विषय निघालाच आहे तर. पानिपत म्हटलं की आपण १७६१ वर थांबतो. आजचं पानिपत जुन्या लोकरी कपड्यांचं गाव आहे. परदेशातून आलेले स्वेटर, कोट तिथे फाडतात. आधी बटणं, चेन, अस्तर काढायचं, मग रंगांप्रमाणे ढीग लावायचे, म्हणजे सूत पुन्हा रंगवावं लागत नाही. त्या सुताची ब्लँकेटं होतात. पूर, भूकंप झाला की मदतीत जी करडी, टोचरी ब्लँकेटं वाटतात त्यांतली पुष्कळशी तिथली. आमच्या हॉस्टेलवर प्रत्येकाकडे तसंच एक होतं. माझ्या ब्लँकेटमध्ये एकदा सोनेरी धागा सापडला होता. कुणाच्या स्वेटरचा असेल त्यावर रात्रभर गप्पा.

शंकासुर

धागा छान आहे, लोक खूश आहेत, तरी मिठाचा खडा टाकतो.

हे ज्याला आता थ्रिफ्ट म्हणतात त्याला आमच्याकडे मोठ्या भावाची पँट म्हणत. आवडीने जुनं घेणं वेगळं आणि नवं घेता येत नाही म्हणून जुनं घालणं वेगळं. मला आठवीत दुसऱ्या शाळेतल्या मुलाचा शर्ट मिळाला होता. खिशावरचा बिल्ला आईने उसवला. पण बिल्ल्याखालचं कापड उन्हाने विटलेलं नसतं. बाकी शर्ट पांढुरका निळा आणि छातीवर ढालीच्या आकाराचा गडद निळा डाग. वर्षभर मी दप्तराचा पट्टा त्या बाजूने घेतला.

तेव्हा जुन्या बाजाराचं कौतुक जरा बेताने.

अर्धा_कटिंग

शंकासुर, मान्य. माझ्या एकशेवीस रुपयांमागे वडिलांची दरमहा मनीऑर्डर होती. ती नसती तर मी इस्त्रीच्या भावाचं नाटक करत उभा राहिलो नसतो.

रंकाळ्याचा_वारा

शंकासुर, मी तुमच्याच बाजूचा, पण सांगणार आहे ते वेगळं.

कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात होतो, 'कमवा आणि शिका'मध्ये. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: काम करायचं, त्यावर राहण्या-शिकण्याचा खर्च भागवायचा. कल्पनेचं मूळ कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत (स्थापना १९१९). आमच्यातले काही बागेत, काही कार्यालयात. मला ग्रंथालय मिळालं. मिळालं म्हणजे धूळ मिळाली. सकाळी रॅक पुसायचे. पुस्तक काढायचं, दोन्ही पुठ्ठे एकमेकांवर हापटायचे, फडक्याने कडा पुसायची, परत लावायचं. एका रांगेला पाऊण तास धरलेला असायचा.

विज्ञानाच्या रांगा भराभर व्हायच्या. मराठी कवितेच्या रांगेत खोळंबा व्हायचा, कारण पुस्तकं बारीक. बारीक पुस्तक हापटलं की उघडतं, आणि एक पान दिसतं. एका पानावर एकच कविता, पाच-सात ओळी. कथा उभ्याने वाचून होत नाही, कविता होते. मी हातात फडकं घेऊन उभ्या-उभ्या वाचलेल्या कविता नंतर बसून वाचलेल्यांपेक्षा जास्त असतील. पाऊण तासाच्या रांगेला दीड तास लागायला लागला तेव्हा साहेबांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "कवितेला एवढी धूळ बसते होय?" आणि मला नियतकालिकांकडे हलवलं.

बिल्ल्याच्या डागाचं वाचून गलबललं. पण ती रांग मला पैसे नव्हते म्हणूनच मिळाली. काय म्हणायचं याला, मला अजून नीट सांगता येत नाही.

वऱ्हाडी_ठसका

काय राजेहो, सगळं पुणं-कोल्हापूरच! आमच्या नागपुरात बर्डीवर जुनी पुस्तकं घ्याची, अन् उरलेल्या पैशात तर्री-पोहे. पुस्तकावर तर्री सांडली का ते आपलं झालं, परत करताच येत नाही. माह्या गणिताच्या पुस्तकाचं एक पान अजूनही लाल आहे. कविता-बिविता आमच्याकडून होत नव्हती, पण मित्राच्या प्रेमपत्रात यमकं जुळवून देत होतो. एका पत्राचा एक चहा. लग्न झालं त्याचं. तिच्याशी नाही.

पडद्यामागचा

ठसकाभाऊ, खी खी.

माझ्याकडे वस्तू नाही, आवाज आहे. पुरुषोत्तम करंडक, भरत नाट्य मंदिर. १९६३ पासून चालू असलेली एकांकिका स्पर्धा, कॉलेजं वर्षभर तिच्यासाठी जगतात. मी कधी स्टेजवर आलो नाही. मी लेव्हल (स्टेजवरचे लाकडी चौथरे) उचलणारा. पण पडदा उघडायच्या आधी प्रेक्षागृहातून "अरे आवाज कुणाचा" सुरू होतं आणि आपण विंगेत अंधारात उभे असतो तेव्हा पोटात जे होतं ते पुढे कुठल्याही पगारवाढीत झालं नाही. आमचं नेपथ्य सगळं मागून आणलेलं. कुणाच्या आजीची आरामखुर्ची, कुणाच्या घरमालकाचा कंदील. एकदा तालमीत आरामखुर्चीचं कापड फाटलं, तर नायिकेने रात्रीत स्वतःचा परकर कापून शिवलं. आजींना कधी कळलं नाही.

२०२२ मध्ये परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! त्यावर इथे वेगळा धागा होता, त्याचा काश्मीर झाला (वाद मिटेचना), इथे नको.

ऱ्हाईनकाठ

सध्याचा विद्यार्थी बोलतो आहे, तोही जर्मनीतून. मोबाईलवरून टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

इथे लोक घर आवरलं की नको असलेलं खोक्यात भरून फुटपाथवर ठेवतात, वर चिठ्ठी: "त्सु फरशेंकन", म्हणजे फुकट द्यायचंय. माझा टेबललॅम्प, दोन पातेली, जर्मन व्याकरणाचं पुस्तक सगळं खोक्यातलं. पहिले दोन महिने उचलायची लाज वाटायची. रात्री अंधार पडल्यावर जायचो. मग एकदा पाहिलं, शेजारचे निवृत्त प्राध्यापक भर दुपारी खोक्यात वाकून बशा निवडतायत. तेव्हापासून मीही दुपारी जातो.

रविवारी दुकानं बंद, पण फ्लोमार्क्ट म्हणजे जुना बाजार असतो. थंडीचा कोट तिथूनच, बारा युरोला. खिशात सुकलेलं चेस्टनट निघालं. इकडे शरदात झाडाखाली पडलेलं चेस्टनट उचलून खिशात टाकायची सवय असते लोकांना. मी ते काढलेलं नाही. बसची वाट बघताना हाताला लागतं.

आणि बाटल्या! रिकामी प्लास्टिकची बाटली दुकानातल्या मशिनमध्ये टाकली की २५ सेंट परत, बिअरच्या काचेच्या बाटलीचे ८. खोलीवर पार्टी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी बाटल्या नेण्यावरून आमच्यात भांडण. आई फोनवर विचारते, "काय करतोयस?" सांगतो, "रद्दी द्यायला आलोय." तिला ते लगेच समजतं.

किंग्ज_सर्कल

मुंबईकरांची हजेरी. माटुंग्याच्या फुटपाथवरची पुस्तकं, वाचून परत दिली की निम्मे पैसे मिळायचे. एका उन्हाळ्यात साठेक रुपये फिरवून मी सतरा पुस्तकं वाचली. शेवटी हातात एक पुस्तक आणि खिशात चार रुपये. बास, एवढंच.

उत्तरपत्रिका

दिल्लीत राजेंद्रनगरला दोन वर्षं काढली, यूपीएससीसाठी. रविवारी सकाळी दर्यागंज. फुटपाथवर मैलभर पुस्तकं, काही दुकानदार किलोवर द्यायचे. दोन किलो इतिहास आणून मित्राला दाखवला तर म्हणे, "आणि अभ्यासक्रम किती किलोचा?" २०१९ मध्ये तो बाजार फुटपाथवरून हलवून महिला हाटमध्ये नेला. नंतर एकदा गेलो होतो. ऐसपैस आहे, पण पुस्तकावरून पाय ओलांडताना नमस्कार करायची पाळी तिथे येत नाही.

तारीखशिक्का

उशिरा आले धाग्यावर. मी ३१ वर्षं ग्रंथालयात काढली, आता निवृत्त. ताई-बाई नको, काकू चालेल.

अर्धा_कटिंग, तुमच्या पुस्तकाबद्दल. एक, मोठ्या ग्रंथालयात सभासद क्रमांक पुस्तकाच्या कार्डावर असतो, चिठ्ठीवर नुसती परतीची तारीख. चिठ्ठीवरच क्रमांक लिहिलाय म्हणजे वाचनालय लहान, एका माणसावर चाललेलं. दोन, ज्याला तुम्ही 'बाद' म्हणता त्याला आम्ही निर्लेखन म्हणतो. फाटलेली, न वाचली जाणारी पुस्तकं यादी करून समितीपुढे ठेवायची, मंजुरी मिळाली की दाखल क्रमांकावर शिक्का मारून रद्दीत. न वाचली जाणारी म्हणजे बरीच वर्षं चिठ्ठीवर नवा शिक्का नाही अशी. तुमचं त्यात गेलेलं दिसतं.

तीन, आणि हे महत्त्वाचं. नऊ शिक्के म्हणजे त्या माणसाने नऊ वेळा पुस्तक नेलं असं नाही. नूतनीकरण असू शकतं. सगळ्या तारखा लिहा बघू इथे.

अर्धा_कटिंग

काकू, घ्या. ४१२ च्या तारखा अशा:
१२ जुलै, २७ जुलै, ११ ऑगस्ट १९८६.
३ जानेवारी, १८ जानेवारी, २ फेब्रुवारी १९८७.
४ एप्रिल, १९ एप्रिल, ४ मे १९८७.
शेवटच्या तारखेशेजारी पेन्सिलीने "दं. १.४०" असं काहीतरी आहे. त्यानंतर चिठ्ठी कोरी.

तारीखशिक्का

वाटलंच होतं. सगळीकडे पंधरा-पंधरा दिवसांचं अंतर, आणि तीन-तीनचे गठ्ठे. पुस्तक एकदा नेलं की दोनदा नूतनीकरण मिळतं, मग जमा करावंच लागतं, दुसऱ्या कुणाला हवं असेल म्हणून. ४१२ ने तिन्ही वेळा नियमाच्या टोकापर्यंत ठेवलंय. 'दं.' म्हणजे दंड. दिवसाला दहा पैसे धरले तर चौदा दिवस उशीर. म्हणजे १८ मेला परत आलं.

टेकडीवरची

काकू, दंडवत! मेमध्ये उशीर म्हणजे विद्यार्थी असणार. परीक्षेच्या गडबडीत राहून गेलं असेल.

मेस_खाडा

किंवा कुणाला द्यायचं होतं, ती आलीच नाही.

पडद्यामागचा

एकांकिकेला विषय मिळाला. कॉपीराइट माझा.

शंकासुर

उतरवून घेत होता.

आम्हीही तेच करायचो. पुस्तक विकत घेणं शक्य नसायचं, मग दोनशे पानी वही आणायची आणि रोज रात्री थोडं थोडं. सलग पंचेचाळीस दिवस, मग पुस्तक जमा, पुन्हा मिळेपर्यंत थांबायचं. मधले महिने कोरे असतात तेव्हा वही संपलेली असते किंवा पैसे. तिसऱ्या वेळी संपवायचंच असं ठरवून नेलं असणार, तरी चौदा दिवस कमी पडले. एक रुपया चाळीस पैसे पुस्तकापेक्षा स्वस्तच पडले.

पानांवर कुठे खूण आहे का बघा. आम्ही उतरवून झालेल्या कवितेखाली पेन्सिलीचं टिंब द्यायचो.

अर्धा_कटिंग

शंकासुर, आत्ता उठून बघितलं.

आहेत. प्रत्येक कवितेच्या शेवटी, उजवीकडे, इतकं बारीक की इतकी वर्षं मला छपाईतला ठिपका वाटत होता. फक्त शेवटच्या तीन कवितांखाली नाहीत.

रंकाळ्याचा_वारा

वाचतोय.

शंकासुर

कोणत्या तीन? टाका इथे.

अर्धा_कटिंग

टाकतो, पण आज नाही. बघून झाल्यावर लेकीने पुस्तक ओढून नेलं, ड्रॉइंग शीट गुंडाळी होतेय म्हणून कोपऱ्यावर वजन ठेवलंय. तिचं जीटी (काचेवर ठेवून दुसऱ्याची शीट गिरवणं) मारून झालं की सोडवून आणतो.